टर्बोचा कॉम्प्रेसर मॅप वाचताना हवेच्या प्रवाहाची एककं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्बोचा कॉम्प्रेसर किती हवा किती दाबू शकतो हे दाखवणारा आलेख म्हणजे कॉम्प्रेसर मॅप. त्याच्या उभ्या अक्षावर प्रेशर रेशो असतो, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या आणि त्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबांचं गुणोत्तर. त्याला एकक नाही, त्यामुळे तो कुठल्याही कंपनीच्या मॅपवर सारखाच वाचता येतो. अडचण आडव्या अक्षाची. तिथे कुणी पौंड/मिनिट लिहितं, कुणी किलो/सेकंद, कुणी घनमीटर/सेकंद, तर कुणी सीएफएम म्हणजे घनफूट/मिनिट. गुणक इंटरनेटवर लगेच सापडतो, पण तो मारण्याआधी अक्षावरचा आकडा कोणत्या दाबाच्या आणि कोणत्या तापमानाच्या हवेचा आहे ते पाहावं लागतं. चुकीचे टर्बो बहुतेक वेळा इथेच निवडले जातात. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि गाड्यांचं ट्यूनिंग करणारे, दोघांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

फक्त गुणकच हवे असतील तर?

वस्तुमानाच्या एककांमध्ये काहीच वाद नाही. १ पौंड म्हणजे ०.४५३६ किलो. त्यावरून:

१ पौंड/मिनिट = ७.५६ ग्रॅम/सेकंद = ०.००७५६ किलो/सेकंद = २७.२ किलो/तास
१ किलो/सेकंद = १३२.३ पौंड/मिनिट

घनफळाची एककं आपसात बदलतानाही वाद नाही:

१ घनमीटर/सेकंद = २११९ सीएफएम
१ सीएफएम = १.७ घनमीटर/तास

वस्तुमानाकडून घनफळाकडे किंवा उलट जायचं असेल तर मध्ये घनता येते, आणि घनता हा स्थिरांक नाही. पुढचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात.

१ पौंड/मिनिट म्हणजे किती सीएफएम? कुठे १३, कुठे १४.५ लिहिलेलं दिसतं. बरोबर कोणतं?

दोन्ही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या हवेसाठी.

१५ अंश सेल्सियस आणि १०१.३ किलोपास्कल या अवस्थेत हवेची घनता १.२२५ किलो/घनमीटर असते. त्या हवेचा १ पौंड १३.०८ घनफूट जागा व्यापतो. तापमान २० अंश धरलं तर १३.३ घनफूट. अमेरिकेत टर्बोच्या मॅपसाठी रूढ असलेली संदर्भ अवस्था आहे ५४५ अंश रँकिन आणि १३.९५ पीएसआय. टर्बो बनवणाऱ्या गॅरेट कंपनीच्या मॅपची गणितं हीच अवस्था धरून केलेली असतात. मेट्रिकमध्ये ती ३०२.८ केल्विन आणि ९६.१८ किलोपास्कल होते. या हवेची घनता १.१०७ किलो/घनमीटर, म्हणून १ पौंड म्हणजे १४.४७ घनफूट. लोक तोंडी जो १४.५ सांगतात तो इथून आलेला आहे.

१३.०८ आणि १४.४७ यांच्यात जवळपास ११ टक्क्यांचा फरक आहे. मॅपवर एवढ्या फरकाने बिंदू चांगल्या एफिशियन्सीच्या बेटावरून (कॉम्प्रेसर जिथे कार्यक्षमतेने चालतो त्या भागातून) उतरून चोकच्या, म्हणजे कॉम्प्रेसर त्याहून जास्त हवा देऊ शकत नाही त्या मर्यादेच्या, कडेला जाऊ शकतो. म्हणून सीएफएमचा आकडा दिसला की त्याला चिकटलेलं तापमान आणि दाब शोधा. ते सापडत नसतील तर त्या आकड्यावर विसंबून पैसे खर्च करू नका.

'करेक्टेड फ्लो' म्हणजे काय? जी हवा प्रत्यक्ष वाहते तीच का नाही लिहीत?

मॅप एकदाच, एका टेस्ट बेंचवर तयार होतो. तुमची गाडी मात्र मुंबईत, महाबळेश्वरला, लडाखमध्ये कुठेही असेल. त्या सगळ्या ठिकाणी एकच मॅप चालायला हवा, म्हणून प्रवाह एका ठरावीक संदर्भ हवेत बदलून लिहितात:

करेक्टेड प्रवाह = प्रत्यक्ष प्रवाह × √(इनलेट तापमान ÷ संदर्भ तापमान) ÷ (इनलेट दाब ÷ संदर्भ दाब)

तापमान केल्विनमध्ये आणि दाब निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला. इनलेट म्हणजे कॉम्प्रेसरचं तोंड, एअर फिल्टरच्या नंतरचं. बाहेरची हवा नव्हे.

वर्गमूळ कुठून आलं, हे एकदा समजलं की सूत्र पाठ करावं लागत नाही. कॉम्प्रेसरच्या पात्यांना किलो कळत नाहीत. त्यांच्यापाशी महत्त्वाचा असतो हवेचा वेग आणि त्या हवेतल्या आवाजाच्या वेगाशी त्याचं गुणोत्तर, म्हणजे माक अंक. ठरावीक तोंडातून ठरावीक किलो हवा जायची असेल तर तिचा वेग तापमानाच्या सम प्रमाणात आणि दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतो. आवाजाचा वेग तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उरतं ते प्रवाह × √तापमान ÷ दाब. दोन ठिकाणी ही संख्या सारखी आली की कॉम्प्रेसरच्या दृष्टीने प्रवाह सारखाच आहे, मग किलो कितीही वेगळे असोत.

मॅपवरच्या स्पीडच्या रेषाही याच कारणाने करेक्टेड असतात. प्रत्यक्ष आरपीएमला √(संदर्भ तापमान ÷ इनलेट तापमान) ने गुणायचं.

दोन कंपन्यांचे मॅप शेजारी ठेवून तुलना करायची आहे. दोन्ही किलो/सेकंदमध्येच आहेत. मग थेट तुलना चालेल ना?

संदर्भ अवस्था सारखी असेल तरच. नसेल तर आधी हा गुणाकार करा:

नवीन करेक्टेड प्रवाह = जुना करेक्टेड प्रवाह × (नवीन संदर्भ दाब ÷ जुना संदर्भ दाब) × √(जुनं संदर्भ तापमान ÷ नवीन संदर्भ तापमान)

वर सांगितलेल्या अमेरिकी अवस्थेतून (३०२.८ केल्विन, ९६.१८ किलोपास्कल) २९८ केल्विन आणि १०० किलोपास्कलकडे जाताना गुणक १.०४८ येतो. १५ अंश आणि १०१.३ किलोपास्कलकडे जाताना १.०८.

एकच कॉम्प्रेसर, एकच चाक, तरी एका कागदावर तो ८ टक्क्यांनी 'मोठा' दिसतो. दोन टर्बोंमध्ये 'हा जास्त हवा देतो' असं ठरवण्याआधी हे पाहिलंच पाहिजे. माझ्या मते या विषयातली सगळ्यात जास्त नजरेआड होणारी गोष्ट हीच आहे, कारण एकक सारखं दिसलं की माणूस निर्धास्त होतो.

घनमीटर/सेकंदच्या काही मॅपवर सूत्रात फक्त तापमान आहे, दाब नाही. छापताना राहिला का?

नाही, तिथे दाबाची गरजच नसते. इनलेटचा दाब कमी झाला की तेवढ्याच किलो हवेचं घनफळ त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे दाबाची दुरुस्ती घनफळात आपोआप झालेली असते. उरतं फक्त:

करेक्टेड घनफळ प्रवाह = प्रत्यक्ष इनलेट घनफळ प्रवाह × √(संदर्भ तापमान ÷ इनलेट तापमान)

तापमानाचा अपूर्णांक इथे उलटा झाला आहे, तेही बरोबर आहे. मात्र यात टाकायचं घनफळ कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, तिथल्या खऱ्या दाबाला आणि खऱ्या तापमानाला मोजलेलं हवं. 'स्टँडर्ड' किंवा 'नॉर्मल' घनफळ इथे चालणार नाही. कारखान्यातल्या कॉम्प्रेस्ड एअरच्या कामात 'नॉर्मल घनमीटर' साधारणपणे ० अंश तापमानाचा धरतात. ती सवय घेऊन आलेल्यांनी इथे विशेष जपावं.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवाल का?

२ लिटरचं चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन घेऊ. ६००० आरपीएम, व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर प्रत्यक्षात हवेने किती भरतो त्याचं प्रमाण) ०.९५, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) निरपेक्ष दाब २०० किलोपास्कल, इंटरकूलरनंतर (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागानंतर) हवा ४५ अंशांची. गाडी मुंबईत, तोंडाशी हवा ३२ अंश.

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. म्हणून मिनिटाला २ × ३००० = ६००० लिटर, म्हणजे सेकंदाला ०.१ घनमीटर. त्याला ०.९५ ने गुणून ०.०९५ घनमीटर.

मॅनिफोल्डमधल्या हवेची घनता = २,००,००० ÷ (२८७ × ३१८) = २.१९ किलो/घनमीटर. (२८७ हा हवेचा वायू स्थिरांक.)

दोन्हींचा गुणाकार ०.२०८ किलो/सेकंद. म्हणजे २०८ ग्रॅम/सेकंद किंवा २७.५ पौंड/मिनिट. ही प्रत्यक्ष हवा.

आता दाब. बाहेर १०१.३ किलोपास्कल, फिल्टरमध्ये २ गेले, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ९९.३. पुढच्या बाजूला इंटरकूलर आणि पाइप मिळून ७ खातात असं धरू, म्हणजे कॉम्प्रेसरला २०७ द्यावे लागतील. प्रेशर रेशो = २०७ ÷ ९९.३ = २.०८.

मॅप अमेरिकी संदर्भ अवस्थेचा आहे असं धरून करेक्टेड प्रवाह:

२७.५ × √(३०५ ÷ ३०२.८) ÷ (९९.३ ÷ ९६.१८) = २६.८ पौंड/मिनिट

मॅपवर (२६.८, २.०८) हा बिंदू मांडायचा. तोच बिंदू २९३ केल्विनच्या घनमीटर/सेकंद मॅपवर हवा असेल तर तोंडाशी घनता काढा: ९९,३०० ÷ (२८७ × ३०५) = १.१३४ किलो/घनमीटर. प्रत्यक्ष घनफळ ०.१८३ घनमीटर/सेकंद, त्याला √(२९३ ÷ ३०५) ने गुणल्यावर ०.१८० घनमीटर/सेकंद, म्हणजे ३८१ सीएफएम. दोन रस्त्यांनी येऊन उत्तर जुळतं का हे स्वतः ताडून पाहा: २६.८ ला १४.४७ ने गुणा आणि √(२९३ ÷ ३०२.८) ने गुणा. दशांशाच्या किरकोळ फरकाने तोच आकडा येईल.

तीच गाडी पुण्याला आणि लेहला नेली तर बिंदू किती सरकतो?

बूस्ट कंट्रोल (टर्बोने वाढवलेला दाब राखणारी यंत्रणा) मॅनिफोल्डमध्ये तेच २०० किलोपास्कल राखतो आणि इंटरकूलरनंतरचं तापमानही तेच राहतं असं धरलं, तर इंजिनात जाणारी हवा बदलत नाही. तीच २७.५ पौंड/मिनिट. बदलते ती कॉम्प्रेसरच्या तोंडाची अवस्था.

पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास. फिल्टरनंतर ९३. तापमान तेच ३२ अंश धरून प्रेशर रेशो २.२३ आणि करेक्टेड प्रवाह २८.६.

लेह सुमारे ३५०० मीटरवर, दाब साधारण ६६. फिल्टरनंतर ६४ आणि तापमान १५ अंश धरू. प्रेशर रेशो ३.२३. करेक्टेड प्रवाह ४०.३ पौंड/मिनिट.

इंजिनात जाणारी हवा तेवढीच असताना बिंदू २६.८ वरून ४०.३ वर गेला. मुंबईत बेटाच्या मधोमध बसलेला टर्बो लेहला त्याच बूस्टसाठी चोकच्या पलीकडे आणि कमाल स्पीडच्या वर जाऊ शकतो. कंपनीच्या गाड्या उंचीवर बूस्ट आपोआप कमी करतात त्यामागे टर्बोची स्पीड मर्यादेत ठेवणं हे एक मोठं कारण आहे. ट्यून केलेल्या गाडीत ही दुरुस्ती कुणी काढून टाकली असेल, तर ती गाडी घेऊन लडाखला जाऊ नका. हे मी कळकळीने सांगतो.

हवामानाच्या ॲपवर पुण्याचा दाब १००८ हेक्टोपास्कल दिसतो. तुम्ही ९५ किलोपास्कल कुठून आणलेत?

हवामानखात्यांच्या बातमीपत्रात आणि ॲपमध्ये दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या शहरांची तुलना करता यावी म्हणून तसं करतात. कॉम्प्रेसर मात्र तिथली खरी हवा ओढतो. म्हणून उंचीवरून दाब काढा, किंवा इग्निशन चालू पण इंजिन बंद असताना गाडीच्या मॅप सेन्सरचं रीडिंग घ्या. इंजिन बंद असेल तर तो सेन्सर बाहेरचाच दाब दाखवतो. (या सेन्सरचं नाव आणि कॉम्प्रेसर मॅप यांचा संबंध नाही. तो मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब मोजतो.)

बूस्ट गेज १ बार दाखवतो. मग प्रेशर रेशो २ धरू का?

गेज बाहेरच्या दाबाच्या वरचा आकडा दाखवतो. त्यात आधी बाहेरचा खरा दाब मिळवा, मग इंटरकूलरचा तोटा मिळवा, आणि फिल्टरचा तोटा वजा केलेल्या इनलेट दाबाने भागा. मुंबईत १ बार बूस्टला उत्तर २.१ च्या आसपास येतं. लेहला तोच गेज तोच १ बार दाखवत असेल तर बाहेरचेच ६६ असल्यामुळे रेशो २.७ च्या वर जातो.

मास एअरफ्लो सेन्सरचं रीडिंग थेट मॅपवर मांडता येईल?

स्कॅनरवर ग्रॅम/सेकंदमध्ये दिसतं ते प्रत्यक्ष वस्तुमान आहे. ७.५६ ने भागून पौंड/मिनिट करा आणि मग करेक्शन करा. गणितातून काढलेल्या अंदाजापेक्षा हा मोजलेला आकडा मला जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण यात व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी गृहीत धरावी लागत नाही. मात्र सेन्सर स्वच्छ असावा आणि त्याच्यापुढे हवेची गळती नसावी.

मोठ्या डिझेलच्या टर्बोवर आडव्या अक्षाला 'किलो √केल्विन / सेकंद मेगापास्कल' लिहिलंय. हे काय?

ही सगळ्यात प्रामाणिक पद्धत आहे. संदर्भ अवस्थेने भागलेलंच नाही, त्यामुळे ती शोधायची गरज नाही. प्रत्यक्ष किलो/सेकंद गुणिले √केल्विन भागिले मेगापास्कल. वरच्या मुंबईच्या बिंदूसाठी ०.२०८ × √३०५ ÷ ०.०९९३ = ३६.६. अमेरिकी अवस्थेच्या मॅपवरून इकडे यायचं असेल तर पौंड/मिनिटला १.३६८ ने गुणा.

फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग स्पर्धेच्या गाडीत रिस्ट्रिक्टर (हवेचा प्रवाह मर्यादित करणारा अरुंद गळा) कॉम्प्रेसरच्या आधी असतो. तिथे कोणता दाब धरायचा?

रिस्ट्रिक्टरच्या नंतरचा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच कॉलेजांच्या टीम फॉर्म्युला भारत या तशाच भारतीय स्पर्धेसाठी कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जातात, म्हणून तिथलंच गणित करू. पेट्रोलसाठी रिस्ट्रिक्टरचा व्यास २० मिलिमीटर. कोइमतूर साधारण ४०० मीटर उंचीवर, दाब ९६.५ किलोपास्कल, हवा ३० अंश. गळ्यात हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की त्यापुढे प्रवाह वाढत नाही. आदर्श कमाल प्रवाह ७०.४ ग्रॅम/सेकंद, म्हणजे ९.३ पौंड/मिनिट. प्रत्यक्षात काही टक्के कमीच.

डिफ्यूझरमधून (गळ्यानंतरच्या रुंदावत जाणाऱ्या नळीतून) ८५ टक्के दाब परत मिळाला असं धरलं तर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ८२ किलोपास्कल उरतात. करेक्टेड प्रवाह १०.९ पौंड/मिनिट येतो, ९.३ नव्हे. टर्बो ९.३ धरून निवडला तर तो लहान पडेल. प्रेशर रेशोही ८२ नेच भागून काढायचा, त्यामुळे तो वाढतो.

यात एक सुंदर गोष्ट आहे. चोक झालेल्या रिस्ट्रिक्टरचा प्रवाह स्वतःच दाब ÷ √तापमान या प्रमाणात असतो. करेक्शनच्या सूत्रात नेमकं त्याच्या उलट आहे. त्यामुळे डिफ्यूझर तोच असेल तर आडव्या अक्षावरची कमाल जागा शहर बदललं, ऋतू बदलला तरी बदलत नाही. पुण्यात काढलेली ती रेषा कोइमतूरलाही लागू पडते. डिफ्यूझर सुधारला की मात्र ती डावीकडे सरकते, म्हणून आधी डिफ्यूझर मोजा आणि मग टर्बो निवडा.

पावसाळ्यातल्या दमट हवेचा फरक पडतो का?

पडतो. ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला हवेच्या दाबातले सुमारे ३.८ किलोपास्कल पाण्याच्या वाफेचे असतात. मॅनिफोल्डच्या दाबावरून गणित करताना टर्बोच्या आधीच्या हवेतला हा जवळपास ४ टक्के हिस्सा जळणाला उपयोगी नसतो. मॅपवरची जागा त्याने फारशी हलत नाही, ताकद मात्र घटते. टर्बो निवडताना मी आर्द्रता सोडून देतो, डायनोचे (ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे जुळवताना सोडत नाही.

हवेवरून हॉर्सपॉवरचा अंदाज कसा बांधायचा?

पेट्रोलसाठी १ पौंड/मिनिटला साधारण ९.५ ते १०.५ हॉर्सपॉवर. आपल्या उदाहरणात २७.५ पौंड/मिनिट म्हणजे २६० ते २९०. इथे प्रत्यक्ष प्रवाह वापरायचा, करेक्टेड नाही. नाहीतर लेहच्या ४०.३ वरून ४०० हॉर्सपॉवरचं स्वप्न पडेल आणि इंजिनात हवा तेवढीच असेल. डिझेल जादा हवेवर चालतं, त्याला हा आकडा लावू नये.

दोन टर्बो असतील तर?

समांतर असतील तर प्रवाह निम्मा करा, प्रेशर रेशो तोच ठेवा. एकामागे एक असतील तर दुसऱ्याच्या तोंडाशी पहिल्यातून आलेली दाबलेली, तापलेली हवा असते. तो दाब आणि ते तापमान घेऊन दुसऱ्यासाठी करेक्शन नव्याने करावं लागतं.

मॅपवर संदर्भ अवस्था लिहिलेलीच नसेल तर काय करावं?

आधी उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये किंवा कॅटलॉगच्या सुरुवातीच्या पानांवर शोधा. बऱ्याचदा ती मॅपवर नसते, पण तिथे असते. नाहीच मिळाली तर तुमचा बिंदू दोनदा काढा: एकदा ३०२.८ केल्विन व ९६.१८ किलोपास्कल धरून, एकदा २८८ केल्विन व १०१.३ किलोपास्कल धरून. दुसरा पहिल्याच्या ८ टक्के उजवीकडे पडेल. कमी आरपीएमचे बिंदूही असेच जोडीने मांडा. जोडीतला डावा बिंदू सर्ज रेषेपासून (जिच्या डावीकडे हवेचा प्रवाह अस्थिर होतो) आणि उजवा चोकपासून पुरेसा दूर असेल तर टर्बो घ्यायला हरकत नाही. एक जरी कडेला लागत असेल तर तो मॅप बाजूला ठेवा आणि ज्याची संदर्भ अवस्था छापलेली आहे असा टर्बो पाहा.